दारूखान्याचं म्हणे डम्बो करायचं!

खडूस ठाणेकर

काल 'जर्सीकर' यांनी इथे फोटोंसकट लेख टाकला. ज्यांचा सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात: रविवारी सहकुटुंब न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डम्बोला गेले, वॉशिंग्टन स्ट्रीटवर उभं राहून विटांच्या दोन इमारतींच्या फटीतून दिसणाऱ्या पुलाचा, सगळे काढतात तोच, फोटो काढला, कॉफीच्या जुन्या गोदामाच्या गच्चीवर बिअर घेतली आणि दुसऱ्या ग्लासाला त्यांना मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचा दारूखाना आठवला. रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीन, शिवडी हा सगळा पट्टा असाच करता येईल, 'फक्त दृष्टी हवी'. खाली शंभरेक बदाम आणि "किती छान मांडलंत".

'फक्त दृष्टी हवी' या तीन शब्दांनी माझी रात्र खाल्ली. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

साहेब, डम्बो दृष्टीने झालं नाही. सातबाऱ्याने झालं. १९८१ साली डेव्हिड वॉलेंटस नावाच्या बिल्डरने तिथल्या इमारती घाऊक भावात उचलल्या. सुमारे २० लाख चौरस फूट, १ कोटी २० लाख डॉलर. भागाकार करा, फुटाला ६ डॉलर. मग माणूस बसून राहिला. जागा कारखान्यांसाठी राखीव, घरं बांधायला परवानगी नाही. ती मिळून घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीत फ्लॅट निघायला १९९८ उजाडलं. १७ वर्षं. (आपल्याकडे एवढ्यात पागडीची केस फक्त बोर्डावर येते, पण तो विषय वेगळा.)

आणि तोवर तिथे राहिलं कोण? मॅनहॅटन न परवडणारे चित्रकार, शिल्पकार. कारखान्याच्या मजल्यावर पडदे लावून संसार, वरून पुलावरच्या गाड्यांचा खडखडाट. 'डम्बो' हे नाव त्यांनीच १९७८ मध्ये काढलं, 'मॅनहॅटन पुलाच्या खाली' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून. हिशेब असा की इतक्या बावळट नावाच्या वस्तीत बिल्डर फिरकणार नाही. फिरकला, आणि तेच नाव त्याने जाहिरातीत वापरलं. २०१७ मध्ये त्या घड्याळाच्या इमारतीतला सगळ्यात वरचा फ्लॅट, चारही बाजूंना काचेची घड्याळं असलेला, दीड कोटी डॉलरला गेला. म्हणजे अख्खी पेठ घेतली त्याहून तिच्यातला एक फ्लॅट महाग.

आता दारूखाना. तिथली जमीन पोर्टाची, म्हणजे केंद्र सरकारची, म्हणजे कागदावर तरी तुमची-आमची. आणि ती रिकामी नाही. जहाजतोडणी पूर्वीसारखी राहिली नसेल, पण नांगर, साखळ्या, दोरखंड, जहाजांची इंजिनं, पत्रे विकणारे आहेत, वेल्डर आहेत, त्यांच्यामागे झोपड्या आहेत. डम्बोची गोदामं आधी ओस पडली, मग कॅफे आले. तुम्ही कॅफे यावेत म्हणून गोदामं ओस पाडायला सांगताय.

एवढंच. बदाम नकोत.

जर्सीकर

ठाणेकर, दुसरा ग्लास कोकचा होता. परतताना गाडी मला चालवायची होती. तपशील लिहिताय तर नीट लिहा.

आणि १९८१ चा डॉलर २०१७ च्या डॉलरशेजारी ठेवून 'फ्लॅट महाग' म्हणणं ही हातचलाखी आहे. महागाई धरलीत तर ते वाक्य पडतं. तुम्हालाही ते माहीत असणार.

तुम्ही बिल्डरची गोष्ट सांगितलीत, काठाची गाळलीत. डम्बोच्या अंगाला लागून खाली जे धक्के आहेत ते वॉलेंटसचे नव्हते, पोर्ट अथॉरिटीचे होते. कंटेनर आले, ब्रुकलिनला ते रचायला जागा नाही, सगळा माल पाणी ओलांडून आमच्या जर्सीत न्यूअर्क-एलिझाबेथला गेला. १९८३ मध्ये धक्क्यांवरची मालवाहतूक बंद झाली. ओळखीचं वाटतंय का? १९८९ ला न्हावा शेवा सुरू झालं आणि मुंबईचा माल तसाच पाणी ओलांडून समोर गेला. दोन्हीकडे तेच झालं.

पुढे मात्र फरक पडला. तिकडची पोर्ट अथॉरिटी धक्के विकायला निघाली तेव्हा आसपासचे रहिवासी आडवे पडले. वीस-पंचवीस वर्षं सभा, निवेदनं, भांडणं. २०१० मध्ये पहिला धक्का बाग म्हणून उघडला. आज ८५ एकरांची बाग आहे, तिकीट नाही, कुणीही जावं. माझ्या मुलाने तिथल्या गोट्यांच्या किनाऱ्यावर नदीत पाय बुडवले.

मी माझगावात वाढलो. समुद्र घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटं. बारावीपर्यंत तो मी कधी बघितला? भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडताना, मामाकडे जायला, वर्षातून दोनदा. एरवी भिंत. पी. डिमेलो रोडने कधी चालत गेला आहात का? भिंत, गेट, भिंत, ट्रक, भिंत. आजोबा म्हणायचे समुद्र तिकडे आहे, आणि भिंतीकडे बोट दाखवायचे. त्या भिंतीची तुम्हाला एवढी माया का?

शब्दकोडे

दोघांचंही चालू द्या, पण दोन्ही लेखांत 'गोदाम' हा शब्द बारा वेळा आलाय (मोजला). आपल्याकडे 'वखार' हा अस्सल शब्द असताना हा उसना माल कशाला? गोदामाचं नातं मलायी 'गुदांग'पर्यंत जातं. पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलाय.

गोदीचा पोरगा

वखार म्हणजे जिथे लाकूड मिळतं, लग्नाच्या मांडवाचे बांबू मिळतात. कॉफी वखारीत ठेवतात का?

विषयावर येतो. माझे वडील गोदीत ३१ वर्षं होते. व्हिक्टोरिया, प्रिन्सेस, नंतर इंदिरा. वडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही वाढलो. त्यांचा आकडा अजून आमच्या बाल्कनीत खिळ्याला टांगलेला आहे, पोती ओढायचा. मूठ लाकडाची, अंगठा जिथे बसतो तिथे खळगा पडलाय. मी लहानपणी माझा अंगठा त्यात ठेवून बघायचो, बसायचा नाही. आता बसतो, पण मी लॅपटॉपवर काम करतो.

जर्सीकर, तुमच्यासाठी ती भिंत होती. आमच्यासाठी ते गेट होतं. सकाळी हजारो माणसं आत जायची. कुठलीही बाग हजारो माणसांना पगार देत नाही.

जर्सीकर

बाग पगार देत नाही, मान्य. पण गोदी तरी आता किती देते? वडिलांच्या जागी नवीन भरती झाली का? प्रश्न खवचट नाही, खरंच विचारतोय.

गोदीचा पोरगा

नाही झाली. खवचटच आहे.

पुलाखालची

मी डम्बोत चार वर्षं नोकरी केली आहे, म्हणजे इथे एकटीच जिने तो भाग सोमवारी सकाळी पाहिलाय. रविवारी पाहिलेलं डम्बो आणि दारूच्या जाहिरातीतला सोडा सारखाच.

पहिलं म्हणजे आवाज. मॅनहॅटन पुलावरून चार लाइनच्या गाड्या जातात. मीटिंगमध्ये कुणीतरी बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबायचं, गाडी जायची, मग वाक्य पूर्ण. नवीन माणसाला वाटायचं याला झटका आला. दुसरं, यॉर्क स्ट्रीट स्टेशन. खोल, आणि बाहेर पडायला एकच वाट. संध्याकाळी सहाला फलाटावर दादर आठवायचं, फक्त धक्क्याला 'सॉरी' म्हणायचे. तिसरं, ते सुंदर दगडी रस्ते. मधे जुन्या मालगाडीचे रूळ तसेच ठेवलेत, अरबकल कंपनीची कॉफी-साखर ज्यावरून जायची ते. त्या खाचेत माझ्या दोन चपलांच्या टाचा गेल्या आहेत. वारसा जपलाय, टाचा गेल्या.

आता बागेबद्दल, कारण जर्सीकरांनी महत्त्वाचं गाळलं. ती बाग स्वतःचा खर्च स्वतः भागवते. कशातून? बागेच्या हद्दीत उभ्या केलेल्या टॉवर आणि हॉटेलांतून. सहाव्या धक्क्याजवळच्या टॉवरवरून केवढं रामायण झालं. म्हणजे नदी फुकट बघायची तर कुणाला तरी नदीच्या तोंडावर महागडा फ्लॅट विकायचा. हे गणित वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पण 'तिकीट नाही' म्हणताना ते सांगावं.

आणि पलीकडे दहा मिनिटांवर फॅरागट हाउसेस आहेत. सरकारी घरं, दहा मनोरे, १९५२ पासूनचे. आमच्या ऑफिसात रात्री सफाईला येणारी बाई तिथली. ती म्हणाली होती, तिच्या लहानपणी आई बजावायची, अंधार पडल्यावर पुलाखाली जायचं नाही. आता अंधार पडल्यावर ती तिथेच कामाला येते. एका कॉफीचे पैसे ऐकून ती हसायची, रागवायची नाही. मला ते हसणं जास्त लागायचं.

जर्सीकर

बागेच्या खर्चाचा मुद्दा बरोबर आहे, लिहायला हवा होता. पण मग एक गोष्ट तुम्हीही लिहा. तंबाखूचं जुनं गोदाम, नुसत्या भिंती उरलेल्या, छप्पर नाही. बागेतून काढून नाटकमंडळीला द्यायचं ठरलं. लोक कोर्टात गेले, २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक बागेची जागा अशी परस्पर काढता येणार नाही. मग बागेला बदली जागा द्यावी लागली आणि त्यानंतर कुठे २०१५ ला तिथे सेंट अ‍ॅन्सचं नाट्यगृह सुरू झालं. बाग म्हणून एकदा लागलेला शिक्का इतका पक्का असतो. मला मुंबईत हे हवंय. बिअर नाही.

शब्दकोडे

'तंबाखूची वखार' म्हणून बघा, कानाला किती गोड लागतं. गोदीचा पोरगा, वखार म्हणजे फक्त लाकडाची हा अलीकडचा संकोच आहे. इतिहासात डचांची वखार, इंग्रजांची वखार. त्यांनी काय तिथे बांबू विकले?

राजापूरकर

बरं झालं विषय काढलात. आमच्या राजापुरात इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती खणून काढली, इंग्रज कैद केले. शाळेत चौथीला सगळ्यांनी वाचलंय. 'इंग्रजांचं गोदाम लुटलं' असं कुणी म्हणेल काय ओ? म्हणून बघा, लुटल्यासारखं वाटतच नाही. कुणीतरी कांदे चोरले असं वाटतं.

आणि तुमच्या डम्बोवरून आठवलं. राजापूर हेही एकेकाळी पेठ होतं, जैतापूरच्या खाडीतून गलबतं वर यायची. गाळ भरला, गलबतं थांबली, पेठ बसली. कॅफे कुठे आला नाही. गंगा येते अधूनमधून, तिच्या मनात असेल तेव्हा. आणि पावसाळ्यात अर्जुना नदी थेट जवाहर चौकात येते. नदीकाठाला जायचीसुद्धा गरज नाही, काठ घरपोच.

खडूस ठाणेकर

राजापूरकर, हसू आलं, पण तुम्ही नकळत मुद्दा दिलात. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळात डम्बोही पाण्याखाली गेलं होतं. तो काचेच्या खोलीतला घोड्यांचा पाळणा, १९२२ चा, ज्याचा जर्सीकरांनी फोटो टाकलाय, पाण्याने वेढलेला. आपल्या पूर्व किनाऱ्यावर भरतीच्या रेषेला टेकून कॅफे काढणार, तर २६ जुलैला काय करणार?

आणि 'वखार' आता पुरे.

शब्दकोडे

पुरे कसं? महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ हे अधिकृत सरकारी नाव आहे, महामंडळ १९५७ पासूनचं. त्यांच्याकडे धान्य असतं, लाकूड नाही. सरकारने मान्य केलेला शब्द गोदीच्या पोराला मान्य नाही.

गोदीचा पोरगा

सरकार 'संगणक' पण म्हणतं.

बॅलार्डचा बाक

कुणी बॅलार्ड इस्टेटचं नाव का घेत नाही? अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा) खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर पहिल्या महायुद्धाच्या काळात उभी राहिली, रुंद रस्ते, एका उंचीच्या दगडी इमारती. आपलं डम्बो शंभर वर्षांपूर्वीच झालंय आणि रविवारी पूर्ण रिकामं असतं. म्हणजे असायचं. आता रविवारी काही फाइल आणायला ऑफिसला गेलो तर पायरीवर नवरा-नवरी. लग्न अजून व्हायचंय. तिचा घोळ अर्ध्या रस्त्यावर, एक पोरगा धुराची नळकांडी धरून उभा, आणि मला म्हणतो, "अंकल, फ्रेममधून थोडं बाजूला." चाळीस वर्षं त्या इमारतीत काम करतोय मी. फ्रेम माझी आहे.

तर जिथे फोटो चांगला येतो तिथे माणसाला राहू देत नाहीत, एवढंच माझं म्हणणं. वॉशिंग्टन स्ट्रीटवर जे राहतात त्यांना विचारा.

पुलाखालची

विचारायची गरज नाही. तिथे रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, ट्रकवाला हॉर्न मारतो, ते त्यालाही फोटोत घेतात.

गिरणगाव

सगळं वाचलं. गंमत चाललीय तुमची. डम्बो, राजापूर, बॅलार्ड, सगळं आठवलं आणि रे रोडपासून दोन-तीन किलोमीटरवरचं परळ कुणाला आठवलं नाही.

'जुन्या औद्योगिक जागेचं पुनरुज्जीवन' आमच्या डोळ्यांदेखत झालं. १९८२ चा संप, गिरण्या बंद, माणसं रस्त्यावर. १९९१ च्या नियमात असं होतं की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. वाचायला किती छान. २००१ मध्ये दुरुस्ती आली की हे वाटे फक्त 'मोकळ्या' जमिनीचे करायचे, ज्यावर बांधकाम उभं आहे ती धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेड, शेड आणि शेड. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती टिकवली. एका शब्दाने बाग गेली, घरं गेली.

म्हणून जर्सीकर, दृष्टीबिष्टी बाजूला ठेवा. दृष्टी सगळ्यांना होती. आम्हाला मसुदा वाचणारा माणूस नव्हता.

माझी आई मॉलमध्ये एकदाच गेली, नातवाने हट्ट केला म्हणून. सरकत्या जिन्यासमोर थांबली. म्हणाली, इथे साचाखातं होतं, मागांचं. मग म्हणाली, नाही, पलीकडे. मग गप्प बसली. तिला नक्की जागा सापडेना.

खडूस ठाणेकर

हेच. माझ्या अख्ख्या लेखापेक्षा हे चार परिच्छेद बरे. जर्सीकर, आता बोला.

जर्सीकर

बोलतो. गिरणगाव यांच्याशी माझा काहीच वाद नाही. मी म्हणतो त्यातलाच हा मुद्दा आहे: शिक्का आधी मारून घ्या, मसुदा आधी वाचा. आपल्याकडे २०१४ मध्ये राणी जाधव समितीने पोर्टाच्या जमिनीचा अहवाल दिला. सुमारे १,८०० एकर, पूर्व किनाऱ्यावर एका मालकाकडे एवढी जमीन दुसरीकडे कुठे आहे? त्यावर किती मराठी माणसांनी तोंड उघडलं? शिवडीच्या फ्लेमिंगोंचे फोटो सगळे टाकतात. २०२४ ला अटल सेतू झाला, तो सुरू होतो शिवडीतूनच, आता तिथल्या जमिनीचा भाव काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. दारूखाना जसा आहे तसा राहणार नाही, ठाणेकर. तुम्ही नको म्हणालात म्हणून थांबणार नाही. फक्त तुम्ही भिंतीच्या या बाजूला असाल.

आणि एक विचारू? तुमचं संकुल घोडबंदर रोडला ना? त्या जागी आधी काय होतं?

खडूस ठाणेकर

हा वैयक्तिक हल्ला आहे.

जर्सीकर

माझा ग्लास मोजलात तेव्हा नव्हता?

खडूस ठाणेकर

कंपनी होती. औषधाची. १५ वर्षांपूर्वी बंद पडली. (मी बंद पाडली नाही.) चिमणी ठेवलीय क्लबहाउसशेजारी, खाली पाटी आहे 'आपला वारसा', आणि दिवाळीत तिच्यावर लायटिंग करतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी लायटिंगच्या बाजूने मत दिलंय. झालं समाधान?

पुलाखालची

😂😂 धागा वसूल.

गोदीचा पोरगा

परदेशात बसून मराठी माणसाने तोंड उघडलं नाही म्हणायचं, हे भारी आहे. इथे पोर्टाच्या जागेवरच्या झोपडीत राहणाऱ्याला तीस-तीस वर्षं कळत नाही की तो कुणाचा. राज्य म्हणतं जमीन केंद्राची, केंद्र म्हणतं झोपडी राज्याची. त्याने तोंड उघडायचं कुणासमोर? तुमच्या ब्रुकलिनचे रहिवासी वीस वर्षं भांडले म्हणता. त्यांच्या नावावर घरं होती. भांडायलाही पत्ता लागतो.

जर्सीकर

हे पटलं. खरंच. 'फक्त दृष्टी हवी' हे वाक्य मागे घेतो. भिंत पडावी हे मागे घेत नाही.

खडूस ठाणेकर

आणि ती बाग चांगली आहे हे मी मान्य करतो. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही. पण पूर्व किनाऱ्यावर बाग व्हायची तर आधी कागदावर तीन गोष्टी: जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची. तिथे आज राहणाऱ्यांना आणि काम करणाऱ्यांना तिथेच जागा. आणि 'मोकळी' या शब्दाची व्याख्या पहिल्या पानावर, ठळक टायपात. मग काढा कॅफे. मीही येईन. कटिंग मिळणार असेल तर.

बॅलार्डचा बाक

आणि फोटोग्राफीला बंदी.

शब्दकोडे

चौथी गोष्ट: पाट्यांवर 'वखार'. 'वेअरहाउस कॅफे' नको, 'वखार'. बघा किती खपेल.

गिरणगाव

हेच होणार आहे. माणसं जातील आणि त्यांचा शब्द पाटीवर राहील.

राजापूरकर

शब्द त्यांचा कुठे, आमचा. राजापूरचा. रॉयल्टी पाहिजे.

शब्दकोडे

राजापूरकर, तुम्ही तरी माझ्या बाजूने आहात ना? गोदीचा पोरगा अजून 'गोदाम'लाच चिकटून आहे. एवढं सिद्ध करूनही.

गोदीचा पोरगा

शब्दकोडे, तुमच्यासाठी आज मुद्दाम वडिलांना विचारलं. जेवत होते. म्हटलं, बाबा, गोदीत माल ठेवायचे त्याला तुम्ही काय म्हणायचात, वखार की गोदाम?

म्हणाले, "शेड."

म्हटलं, फक्त शेड? म्हणाले, "गोदीच्या आत शेड. शेडला नंबर. कॉटन ग्रीनला कापसाची गोदामं. लाकडी बंदराला वखारी. कोण विचारतंय?"

म्हटलं, इंटरनेटवर दोन माणसं भांडतायत. त्यांनी भाकरी मोडली, विचारलं, "पोर्टात होते का दोघं?"

मी नाही म्हटलं. तर म्हणाले, "मग त्यांना सांग, चौदा नंबरच्या शेडमध्ये खजूर यायचा. वास सुटायचा." आणि आमटी मागितली.